निळ्या ‘ई’ची मक्तेदारी कशी मोडली

३० सप्टेंबर १९९७ च्या रात्री मायक्रोसॉफ्टने सॅन फ्रान्सिस्कोत मोठा सोहळा करून इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती बाजारात आणली. सोहळा आटोपल्यावर तिथल्या काही मंडळींनी निळ्या ‘ई’चे भलेमोठे बोधचिन्ह गाडीवर लादले आणि माउंटन व्ह्यूला, नेटस्केप कंपनीच्या आवारातल्या हिरवळीवर नेऊन ठेवले. सकाळी कामावर आलेल्या नेटस्केपच्या लोकांनी ते आडवे पाडले, त्यावर आपला मोझिला हा डायनोसॉर उभा केला आणि पाटी लावली : नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. आकडे बाजारातल्या हिश्श्याचे होते.

पाच वर्षांत ही पाटी पार उलटली. २००२ पर्यंत जगातल्या दर दहा संगणकांपैकी नऊहून अधिक संगणकांवर निळा ‘ई’ दाबूनच लोक इंटरनेटवर जात होते. आणि तरीही त्यानंतरच्या दहा वर्षांत ही मक्तेदारी मोडली. तिला पहिला तडा गेला तो हरलेल्या कंपनीने जगासाठी खुल्या केलेल्या कोडमुळे आणि तो कोड उचलून धरणाऱ्या हजारो स्वयंसेवकांमुळे. घरच्या संगणकावर कोणता ब्राउझर ठेवायचा, तो कधी अपडेट करायचा, त्यात काय जोडायचे आणि काय काढायचे, हे आपण आज ठरवू शकतो. हा अधिकार त्या लढाईतून आला आहे.

विकत की फुकट

पहिला ब्राउझर १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लिहिला. त्यात पान जसे वाचता येई, तसे लिहिताही येई. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी मोझेक तयार केला. मजकुराच्या सोबतीने त्याच पानावर चित्रे दिसू लागली आणि वेब शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर पडले. पुढच्याच वर्षी अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासोबत कंपनी काढली. तीच नेटस्केप. डिसेंबर १९९४ मध्ये तिचा नेव्हिगेटर आला. ९ ऑगस्ट १९९५ रोजी कंपनीचा शेअर बाजारात उतरला तेव्हा २८ डॉलरचा शेअर दिवसअखेर ५८ डॉलरच्या वर बंद झाला. नफा अजून दिसायचा होता, पण गुंतवणूकदारांना ब्राउझरमध्ये उद्याचा संगणक दिसत होता.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पूर्ण जोडणी महाग होती. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर चित्रे दिसतच नसत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. आपल्याकडे अनेकांनी वेब प्रथम पाहिले ते असे, चित्राविना.

मायक्रोसॉफ्टला धोका उशिरा पण नेमका कळला. २६ मे १९९५ रोजी बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या टिपणात इंटरनेटला भरतीच्या लाटेची उपमा दिली होती. नवा ब्राउझर मुळापासून लिहायला वेळ नव्हता. कंपनीने स्पायग्लासकडून मोझेकवर आधारलेला कोड परवान्याने घेतला आणि विंडोज ९५ सोबतच, ऑगस्ट १९९५ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर आणला. करारानुसार स्पायग्लासला विक्रीतला वाटा मिळायचा होता. मायक्रोसॉफ्टने पुढे ब्राउझर फुकट वाटायला सुरुवात केल्यावर वाट्याला येण्याजोगे काही उरले नाही. अखेर १९९७ मध्ये ८० लाख डॉलर देऊन तो वाद मिटवण्यात आला.

नेटस्केपचे पोट ब्राउझरच्या विक्रीवर होते. विद्यार्थ्यांना तो मोफत मिळे, पण व्यवसायांना पैसे मोजावे लागत. दुसरीकडे निळा ‘ई’ संगणकासोबतच येई. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एओएल या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट सेवेला विंडोजच्या पडद्यावर जागा दिली. बदल्यात एओएलने आपल्या लाखो ग्राहकांसाठी इंटरनेट एक्सप्लोरर स्वीकारला. जो ब्राउझर आधीपासून तिथे आहे, तो बहुतेक लोक बदलत नाहीत. या एका निरीक्षणावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

न्यायालयातला प्रश्न

१८ मे १९९८ रोजी अमेरिकी सरकार आणि काही राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. एका बाजारातल्या मक्तेदारीच्या जोरावर कंपनी दुसरा बाजार बळकावते आहे, हा आरोप. मायक्रोसॉफ्टचे उत्तर असे की ब्राउझर हा विंडोजचाच भाग आहे आणि तो वेगळा काढता येणार नाही. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो काढणारा प्रोग्राम लिहून न्यायालयापुढे ठेवला. तो काढल्यावर विंडोज बिघडते, हे दाखवण्यासाठी कंपनीने सादर केलेली चित्रफीत मात्र उलटतपासणीत सदोष निघाली.

जून २००० मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. वर्षभराने वरच्या न्यायालयाने मक्तेदारीचा निष्कर्ष बराचसा कायम ठेवला, पण तुकडे करण्याचा आदेश रद्द केला. नोव्हेंबर २००१ मध्ये तडजोड झाली. त्याच्या काही दिवस आधी विंडोज एक्सपी बाजारात आले होते आणि त्यात इंटरनेट एक्सप्लोरर ६ बसवलेला होता. खटला सरकारने जिंकला असे कागद सांगत होते, पण घराघरांतल्या पडद्यावर काहीच बदलले नव्हते.

कोड खुला झाला

नेटस्केपने तोवर वेगळीच वाट धरली होती. २२ जानेवारी १९९८ रोजी तिने जाहीर केले की ब्राउझर सर्वांना मोफत मिळेल आणि त्याचा कोडही खुला होईल. ३१ मार्चला मोझिला या नावाने तो कोड कोणालाही उतरवून घेता येऊ लागला. एक अडचण होती. अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे माहिती सांकेतिक करणारा भाग काढून टाकावा लागला होता. ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रामरांच्या गटाने एका दिवसाच्या आतच तो भाग नव्याने जोडून दिला. खुल्या कोडचा अर्थ काय, याचा हा पहिला पुरावा होता. मूळ मालकाच्या हातून जे होणार नाही, ते जगाच्या दुसऱ्या टोकाचा कोणीतरी करू शकतो.

पुढची वाट मात्र खडतर होती. जुना कोड गुंतागुंतीचा म्हणून तो बाजूला ठेवून गेको नावाचे, पान पडद्यावर मांडणारे इंजिन पुढे न्यायचे ठरले. मोझिलाच्या उभारणीतले एक प्रमुख, जेमी झाविन्स्की, वर्षभरातच निराश होऊन बाहेर पडले. एओएलने नेटस्केप विकत घेतली. २००० च्या अखेरीस आलेला नेटस्केप ६ जड आणि संथ निघाला. खुल्या कोडवर उभा राहिलेला मोझिला १.० यायला जून २००२ उजाडला. तोवर बाजार हातचा गेला होता.

मे २००३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि एओएल यांच्यात समझोता झाला. एओएलला ७५ कोटी डॉलर आणि सात वर्षे इंटरनेट एक्सप्लोरर विनामूल्य वापरण्याचा हक्क मिळाला. नेटस्केपची आता गरजच उरली नाही. जुलैमध्ये एओएलने तिथल्या लोकांना घरी पाठवले आणि मोझिलासाठी २० लाख डॉलर देऊन एक स्वतंत्र, ना-नफा संस्था उभी राहू दिली. मिचेल बेकर तिच्या प्रमुख झाल्या. एखादी कंपनी बुडते तेव्हा तिचे उत्पादनही सहसा सोबत बुडते. इथे कोड आधीच सर्वांचा झाला होता, म्हणून तो वाचला.

थांबलेली घड्याळे

दरम्यान निळ्या ‘ई’ची प्रगती थांबली होती. आवृत्ती सहा ऑगस्ट २००१ ची, तर सातवी ऑक्टोबर २००६ ची. मधली पाच वर्षे इंटरनेट धावत होते आणि ते पाहायची खिडकी जिथल्या तिथे होती. ब्राउझरची वेगळी नवी आवृत्ती निघणार नाही, जे काही नवे यायचे ते पुढच्या विंडोजसोबतच, असे कंपनीकडून २००३ मध्ये सांगितलेही गेले. स्पर्धक नसेल तर दुरुस्तीची घाई कोणाला?

त्या काळात सायबर कॅफेत बसलेल्या कोणालाही हे आठवेल. एक पान उघडावे तर चार जाहिराती पॉप-अप होऊन अंगावर येत. न मागता आलेल्या टूलबारांनी अर्धा पडदा व्यापलेला असे. अ‍ॅक्टिव्ह-एक्स नावाच्या तंत्रामुळे एखादे संकेतस्थळ थेट संगणकावर प्रोग्राम चालवू शके. एक चुकीचे ‘येस’ दाबले की हेर प्रोग्राम आत शिरलाच. जून २००४ मध्ये सर्व्हरांमध्ये आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये असलेल्या त्रुटींचा फायदा घेऊन वापरकर्त्यांची टंकलेली माहिती चोरणारा हल्ला झाला. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सुरक्षा यंत्रणेने तेव्हा सुचवलेल्या उपायांमध्ये एक उपाय होता : दुसरा ब्राउझर वापरा.

पण असा दुसरा ब्राउझर होता कुठे? नॉर्वेचा ऑपेरा चांगला होता. एकाच खिडकीत अनेक पाने उघडायची सोय त्याने बरीच आधी दिली होती. पण तो विकत घ्यावा लागे किंवा त्यातल्या जाहिराती सोसाव्या लागत. अ‍ॅपलने जानेवारी २००३ मध्ये सफारी आणला, तो स्वतःच्या संगणकांसाठी. त्याचे इंजिन केडीई या खुल्या प्रकल्पाच्या केएचटीएमएलवरून घेतले होते. ही एक निवड पुढे फार दूरवर पोचणार होती.

काही मुले आणि एक लहान ब्राउझर

मोझिलाच्या आतच काही जणांना मोझिलाचा अवजडपणा खुपत होता. पत्रव्यवहार, पाने लिहिणे, गप्पा, सगळे एकाच प्रोग्राममध्ये कोंबलेले होते. डेव्ह हायट, जो ह्युइट आणि ब्लेक रॉस यांनी एक वेगळी फांदी काढली : फक्त ब्राउझर, लहान आणि वेगवान. सप्टेंबर २००२ मध्ये तिची पहिली चाचणी आवृत्ती आली तेव्हा रॉस सतरा वर्षांचा होता. फिनिक्स हे तिचे पहिले नाव दुसऱ्या कंपनीच्या हक्कामुळे सोडावे लागले, तर त्यानंतरच्या फायरबर्ड या नावाचा खुला डेटाबेस प्रकल्प आधीच होता. फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स हे नाव ठरले. न्यूझीलंडच्या बेन गुजर यांच्या देखरेखीखाली ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० बाहेर पडला.

विंडोजसाठीची त्याची फाइल पाच एमबीहून लहान होती. ५६ केबीपीएसच्या मॉडेमवर पंधरा-वीस मिनिटांत ती उतरे. आपल्याकडे फोनची लाइन मध्येच तुटे, मग पुन्हा पहिल्यापासून डाउनलोड. म्हणून अनेकांनी तो संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडीवरून किंवा मित्राकडून घेतला. उघडताच फरक कळे. पॉप-अप आपोआप अडवले जात. टॅब होते. शोधायची चौकट वर कोपऱ्यातच होती. जुने बुकमार्क तो स्वतःच आणून ठेवी. ज्यांना संगणक फारसा कळत नाही अशा घरच्यांसाठी कॉलेजातली मुले फायरफॉक्स बसवून देऊ लागली. बाजारपेठेतल्या कोणत्याही विक्रेत्यापेक्षा या मुलांनीच तो अधिक पसरवला.

१६ डिसेंबर २००४ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात झळकली. सुमारे दहा हजार सामान्य वापरकर्त्यांनी वर्गणी काढून ती दिली होती आणि त्यांची नावे तिच्यात बारीक अक्षरांत छापलेली होती. ऑक्टोबर २००५ पर्यंत डाउनलोडची संख्या दहा कोटींवर गेली. शोधायच्या चौकटीतून गुगलकडे जाणाऱ्या शोधांचा मोबदला मिळू लागला. २००५ मध्ये मोझिलाचे उत्पन्न सुमारे ५.३ कोटी डॉलर झाले, ते मुख्यतः या मार्गाने. संस्था पायावर उभी राहिली, पण तिचा पाया दुसऱ्याच्या जमिनीवर होता.

मायक्रोसॉफ्टलाही हलावे लागले. फेब्रुवारी २००५ मध्ये गेट्स यांनी एक्सपीसाठी इंटरनेट एक्सप्लोरर ७ काढण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २००६ मध्ये तो आला, टॅबसह. त्याच महिन्यात फायरफॉक्स २ बाहेर पडला, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररच्या चमूने मोझिलाच्या कार्यालयात अभिनंदनाचा केक पाठवला. जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ एका दिवसात ८० लाखांहून अधिक वेळा उतरवला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्यानंतरच्या दीडेक वर्षांत त्याचा जागतिक हिस्सा ३० टक्क्यांच्या आसपास पोचला.

हवा तसा ब्राउझर

फायरफॉक्सची खरी माया जडली ती त्याच्या अ‍ॅड-ऑनमुळे. ब्राउझरचे मेनू, बटणे, पट्टे ज्या साधनांनी बनवलेले होते, त्याच साधनांनी बाहेरच्या कोणालाही त्यात भर घालता येई. अ‍ॅडब्लॉकने जाहिराती गायब केल्या. २००५ च्या ग्रीसमंकीने दुसऱ्याचे संकेतस्थळ आपल्या सोयीने बदलून पाहता येऊ लागले. जो ह्युइट यांच्या फायरबगने वेब घडवणाऱ्यांच्या एका पिढीला आपल्या चुका शोधायला शिकवले. पत्त्याच्या जागी अबाउट:कॉन्फिग टंकले की शेकडो सेटिंग समोर येत. युजरक्रोम.सीएसएस या एका फाइलमध्ये चार ओळी लिहून ब्राउझरचे रूपच पालटता येई. इथे भाडेकरूला भिंती हलवण्याचीही मुभा होती.

मराठी वाचकांसाठी याचे मोल वेगळेच होते. तेव्हाची बरीच मराठी वृत्तपत्रे युनिकोडऐवजी आपापल्या खासगी फॉन्टांत छापली जात. इंटरनेट एक्सप्लोररचे डायनॅमिक फॉन्टचे तंत्र ते फॉन्ट आपोआप उतरवी. फायरफॉक्सला ते तंत्र मान्य नव्हते, त्यामुळे त्यात बातमीच्या जागी निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसत. वृत्तपत्रासाठी निळा ‘ई’ आणि बाकीसाठी फायरफॉक्स, अशी कसरत अनेक जण करत. पद्मा नावाच्या अ‍ॅड-ऑनने यावर तोडगा काढला. भारतीय भाषांच्या अशा फॉन्टांतला मजकूर तो ब्राउझरमध्येच युनिकोडमध्ये बदलून दाखवी. युनिकोड मराठीसाठीही खटपट होतीच. एक्सपीवर भारतीय लिपींची सोय कंट्रोल पॅनेलमधून सुरू करून घ्यावी लागे, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे सुटी पडत. पुढे स्वयंसेवकांनी फायरफॉक्सचे मेनूही मराठीत आणले. मोठ्या कंपनीच्या हिशेबात न बसणारी भाषा खुल्या कोडमध्ये स्वतःची जागा करून घेऊ शकते, हे मराठी माणसाने इथे प्रत्यक्ष अनुभवले.

पण या स्वातंत्र्याची किंमतही होती. अ‍ॅड-ऑन थेट ब्राउझरच्या आतड्यांना हात घालत, त्यामुळे आतली एखादी गोष्ट बदलली की ते बंद पडत. नवी आवृत्ती बसवताना ‘हे अ‍ॅड-ऑन चालणार नाहीत’ अशी यादी समोर येई, आणि आवडते अ‍ॅड-ऑन गमावण्यापेक्षा अपडेटच पुढे ढकलणे लोक पसंत करत. म्हणजे सुरक्षेच्या त्रुटी तशाच उघड्या राहत. आपल्या मनासारखा ब्राउझर हवा आणि तो ताजाही हवा, या दोन गोष्टी एकमेकींना ओढत होत्या. हा ताण या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

न विचारता होणारे अपडेट

२ सप्टेंबर २००८ रोजी गुगलने क्रोम आणला. त्याचे इंजिन होते वेबकिट, म्हणजे अ‍ॅपलमार्गे आलेला तोच केएचटीएमएलचा वंश. क्रोममध्ये टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत चालत, त्यामुळे एक कोसळला तरी बाकीचे सहसा टिकत. जावास्क्रिप्ट वेगाने धावे. आणि अपडेट तो न विचारता, गुपचूप करून टाकी. वापरकर्त्याला आवृत्तीचा क्रमांकही माहीत असायची गरज उरली नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. कोट्यवधी लोकांची जुनी, भगदाडे पडलेली आवृत्ती वापरण्याची सवय तिने मोडून काढली. मे २०१२ मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत क्रोमने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकले.

फायरफॉक्सनेही २०११ मध्ये दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. अ‍ॅड-ऑन लिहिणाऱ्यांची दमछाक झाली. कार्यालयांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा त्यांच्यासाठी सावकाश बदलणारी वेगळी आवृत्ती काढावी लागली. १४ नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ ने जुने अ‍ॅड-ऑन कायमचे बंद केले. ब्राउझर वेगवान आणि सुरक्षित झाला, पण वर्षानुवर्षे जपलेली हजारो साधने एका दिवसात निकामी झाली. तो निर्णय तांत्रिकदृष्ट्या टाळता येण्याजोगा नव्हता, असे मला वाटते. तरी ज्यांनी ती साधने हौसेने, विनामोबदला घडवली होती, त्यांचे नुकसान खरे होते.

युरोपात कायदा उशिरा पोचला. मार्च २०१० पासून तिथल्या विंडोजवर बारा ब्राउझरांची यादी दाखवून निवड करायला सांगणारा पडदा आला. पुढे वर्षभराहून अधिक काळ एका आवृत्तीत तो दाखवलाच गेला नाही, म्हणून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला. तोवर लोकांनी आपली निवड आधीच केली होती. २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने स्वतःचा एज ब्राउझर गुगलच्या क्रोमियम या क्रोममागच्या खुल्या कोडवर उभा केला आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला.

एक मक्तेदारी गेली, पण तिची जागा रिकामी राहिलेली नाही. आज जगातले सुमारे दोन तृतीयांश ब्राउझिंग क्रोममधून होते, आणि एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांच्या आतही तेच इंजिन आहे. गुगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले तेव्हा रेमंड हिल यांचा यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती रोखणारा लोकप्रिय एक्स्टेन्शन क्रोममध्ये पूर्ण ताकदीने चालू शकला नाही. फायरफॉक्समध्ये तो चालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारातली गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. आपले शोधयंत्र आधीपासून बसवलेले मिळावे म्हणून गुगलने एकट्या २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली होती, हे त्या खटल्यात बाहेर आले. आधीपासून तिथे असलेली गोष्ट लोक बदलत नाहीत, हे १९९६ चे निरीक्षण आज अब्जावधींच्या भावाने विकले जाते.

मोठी ब्राउझर-इंजिने आता तीनच उरली आहेत : गुगलचे ब्लिंक, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ब्लिंकही वेबकिटमधूनच फुटलेले. नेटस्केपच्या खुल्या कोडपर्यंत ज्याचा माग जातो, ते गेको तेवढे वेगळ्या कुळातले. ते जोवर पुरेशा घरांत चालते, तोवर संकेतस्थळ लिहिणाऱ्यांना एका कंपनीच्या ब्राउझरपुरते न लिहिता सर्वमान्य मानकांनुसार लिहावे लागते. २००४ मध्ये पंधरा-वीस मिनिटे मॉडेमवर घालवणाऱ्या माणसाने आपल्यापुरता ब्राउझर बदलला होता. तसे कोट्यवधींनी केले म्हणून मायक्रोसॉफ्टला पाच वर्षांची झोप सोडावी लागली. आजचे डाउनलोड मिनिटभराचे आहे, आणि त्या मिनिटाची ताकद तेव्हाइतकीच आहे.